तीन नंबरचा काटा

वहिनी, तुझ्या बाराव्याला मी भांडले.

जेवणं उरकली होती. बोरिवलीच्या तुमच्या हॉलमध्ये माणसं सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती आणि मी पाण्याचा जग घेऊन फिरत होते. तुझ्या ताईचे मिस्टर, विलासराव, सुपारी चघळत म्हणाले, "विमानाचे काटे बदलायला निघाली होती बिचारी. स्वतःच्या तब्येतीचा काटा बघायचं तेवढं राहून गेलं." चार-पाच माना हलल्या. कुणीतरी 'च्च' केलं. वाक्य चांगलं जमलंय हे विलासरावांनाही कळलं असावं, कारण त्यांनी ते आणखी एकदा, जरा मोठ्यानं म्हटलं.

मी जग खाली ठेवला.

"पायलटच्या परवान्यासाठी तिची दर वर्षी मेडिकल व्हायची," मी म्हटलं. "रक्त, ईसीजी, डोळे, कान, सगळं. तुमची शेवटची कधी झाली?"

"अगं, मी आपलं सहज..."

"डॉक्टर काय म्हणाले ते दादानं सगळ्यांना सांगितलंय. मेंदूतली एक नस जन्मापासून कमकुवत होती. रोजच्या कुठल्याही तपासणीत ती दिसली नसती. तिनं काही बघायचं सोडलं नव्हतं. उगाच तिच्या मरणावर सुविचार लिहू नका."

दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. म्हणाला, "शालू, पुरे."

सगळे गेल्यावर त्यानं मला खरी गोष्ट सांगितली. एका माणसाशी बोलणं झालंय. तुझ्या विमानाचं इंजिन तो घेऊन जाईल, बाकीचा सांगाडा भंगारात. महिनाअखेरीला ट्रक येईल.

"मला ते विमान आता बघवत नाही गं," दादा म्हणाला.

"नको बघूस. पण नवे मीटर बसल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही."

"आता कसले मीटर? उडवणार कोण?"

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. पण काम अर्धं राहिलंय. अर्धं काम मी आजपर्यंत कुणालाच दिलेलं नाही, भंगारवाल्यालाही देणार नाही."

म्हणून तुला लिहितेय. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, ते सगळं पेपरातल्या चौकोनात येऊन गेलं. तुझ्या फोटोखाली 'प्रेमळ व मनमिळाऊ' असंही छापलंय. मनमिळाऊ! तू! शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज चुकीचा येतोय म्हणून त्यांची बेल वाजवून तो उघडायला मागणारी बाई. वाचून मला त्या दिवसांतही हसू आलं, आणि मग हसल्याचा राग आला.

लग्न होऊन तू घाटकोपरला आमच्या दोन खोल्यांत आलीस तेव्हा बाबांची गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. घरात पैसा नव्हता आणि अबोला भरपूर होता. तू एका विमान कंपनीच्या इंजिनिअरिंग स्टोअरमध्ये होतीस. संध्याकाळी आलीस की पर्समधून एखादा बाद झालेला नट, तुटकी वायर, फुटक्या काचेचा मीटर निघायचा. तो मीटर मी उघडला आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. कोर्स कर म्हणून मागे तूच लागलीस. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी मला सोडायलाही तूच आलीस. बॉयलरचे, कॉम्प्रेसरचे प्रेशर गेज येतात, आम्ही ते खात्रीच्या गेजशी ताडून बघतो आणि सांगतो, हा खरं बोलतो, हा खोटं. तीस वर्षं मी हेच करतेय. या कामामुळे माणूस जरा माजोरी होतो. मी झाले होते. त्याबद्दल पुढे लिहिते.

पंचेचाळिशीनंतर तू विमान चालवायला शिकलीस. सगळी शिल्लक रजा त्यात घातलीस, मग स्वतःचं विमान बांधायला घेतलंस. लोक म्हणाले, मूल नाही ना, म्हणून ही खुळं. तुझ्या तोंडावर म्हणाले. एका हळदीकुंकवाला तू शांतपणे उत्तर दिलंस, "मूल असतं तर दोन सीटच्या ऐवजी तीन सीटचं बांधलं असतं." त्या बाईंनी तुला परत कधी बोलावलं नाही.

मढच्या इनासकाकांची शेड आठवते? ते होडीच्या इंजिनांचे मेकॅनिक. त्यांच्या शेजारचा बंगला शूटिंगला जायचा. सहा वर्षं आपण दर रविवारी बोरिवलीहून स्कूटरवर मार्वेवरून मढला जायचो. परदेशातून पेटीत सुटं सुटं आलेलं ते विमान, त्याचा पत्रा, तो जोडणारे हजारो रिव्हेट. मी रिव्हेट धरायची, तू मारायचीस. एकदा शूटिंगवाल्यांचा माणूस कुंपणावरून डोकावला. "मॅडम, हा सेट कुणाचा? आम्हाला दोन दिवस भाड्यानं हवाय. क्लायमॅक्सला जाळायचाय."

"हे खरं आहे," तू म्हणालीस.

"हो ना, एकदम खरं वाटतं. म्हणूनच विचारतोय."

तू हातातली रिव्हेट गन त्याच्याकडे वळवलीस. तो गेला. इनासकाका त्यानंतर आठवडाभर हसत होते.

पण त्या शेडनंच आपला घात केला. समुद्र पन्नास पावलांवर. सहा वर्षांत खारी हवा प्रत्येक वायरीच्या टोकात जाऊन बसली. मीटर तू इथून तिथून जमवलेले, काही जुन्या विमानांतून काढलेले. दिसायला देखणे, पितळेच्या कडा असलेले. त्यांच्या प्रेमात तूही होतीस आणि खरं सांगायचं तर मीही. विमान ट्रकवर चढवून घाटावरच्या त्या छोट्या धावपट्टीवर नेलं, पंख जोडले, सगळ्या कागदांवर सह्या झाल्या. आणि काटे नाचायला लागले.

रेडिओचं बटण दाबलंस की तेलाचं तापमान वाढायचं. देशमुख मॅडम, त्या धावपट्टीवर शिकवणाऱ्या, म्हणायच्या, "मंगल, तू कमी बोल, तुझं इंजिन तापतंय." आपण हसायचो. मग एके सकाळी तू धावपट्टीवरून उठलीस, अजून झाडांच्या वर नीट गेली नव्हतीस, तेवढ्यात रेडिओवर तुझा आवाज आला. "ऑइल प्रेशर शून्य. परत येतेय." एवढंच. आवाज असा, जसं दुकानात सांगावं की साखर संपली. मी मॅडमच्या शेजारी उभी होते. तेलाचा दाब गेला म्हणजे मिनिटभरात इंजिन जाम. तू वळलीस, उतरलीस, इंजिन बंद केलंस. चहा प्यायला बसल्यावर तू कपात दोनदा साखर घातलीस तेव्हा मला कळलं की तूही घाबरली होतीस.

इंजिनाला काही झालं नव्हतं. इनासकाकांनी होडीचा साधा नळीचा गेज थेट इंजिनाला लावून बघितला. दाब ठणठणीत. काटा खोटं बोलला होता. पुढच्या दोन आठवड्यांत तो आणखी दोनदा खोटं बोलला. तिसऱ्या वेळी मी आले तर त्या मीटरवर तू काळी चिकटपट्टी लावलेली.

"हे काय?"

"खोटारड्याचं तोंड बंद केलं."

"आणि एक दिवस तो खरं बोलला तर?"

"मला इंजिन ऐकू येतं, शालू."

"मिक्सर ऐकू येतो तुला! वर इंजिन बंद पडतं तेव्हा बेल वाजवायला शेजारी नसतात."

त्या दिवशी मी ओरडले तशी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. माझी सगळी नोकरी ज्या एका गोष्टीवर उभी आहे तिच्यावर तू पट्टी लावली होतीस. मी म्हटलं, हे सगळे पितळी दागिने काढ आणि एक नवा डिजिटल डबा बसव. इंजिनाचे सगळे आकडे एका पडद्यावर. प्रत्येक सिलेंडरला स्वतःचा नवा सेन्सर, नव्या वायरी, सगळ्यांचं अर्थिंग एका जागी. तू महिनाभर नाही म्हणालीस. तुला ते काटे हवे होते. मग एक दिवस फोनवर, नमस्कार-बिमस्कार काही न करता, "आण तुझा डबा." पट्टी तोवर तू काढली होतीस आणि तेलाच्या दाबापुरता इनासकाकांचा नळीचा गेज बसवून घेतला होतास.

डबा मागवला. तो यायच्या मधल्या दिवसांत आपलं जे शेवटचं भांडण झालं, त्याचा मुद्दा तीन नंबर.

चार सिलेंडरांचं तापमान दाखवणारे चार छोटे काटे एका ओळीत होते. त्यातला तिसरा नेहमी वर. बाकीच्यांपेक्षा बराच वर. एकटीनं उडायचे ठरलेले तास तुझे पूर्ण झाले होते, शेजारी माणूस बसवायची परवानगी मिळाली होती, आणि पहिली मी बसणार हे मढच्या शेडमध्येच ठरलं होतं. मी पहाटे मुलुंडहून निघून आले होते. वर ओकारी नको म्हणून चहासुद्धा न घेता. तू हँगरच्या दारात उभी होतीस.

"आज नाही, शालू."

"का?"

"तीन नंबर चढतोय. आत्ता एकटी जाऊन आले, तरी चढला."

"अगं, तो काटा खोटा आहे. बाकीचे सगळे खोटे निघाले, हा काय वेगळा आहे? वायर तीच, अर्थिंग तेच."

"तपासलास?"

"गरज नाही. तीस वर्षं हेच करतेय मी."

"न तपासता सर्टिफिकेट देतेस?"

हे मला लागलं. इतकं लागलं की तोंडातून जे निघालं ते आजही मला ऐकू येतं. मी म्हटलं, "सरळ सांग ना, तुला शेजारी कुणी नकोय. नणंद बसली तर तुझं कौतुक निम्मं होईल."

तू रागावलीस की मला 'वन्सं' म्हणायचीस, मी वयानं लहान असूनही. त्या दिवशी तू रागावली नव्हतीस, थकल्यासारखी दिसत होतीस, तरी म्हणालीस, "वन्सं, तीन नंबर थंड होऊ दे. मग बसा."

मी परत न बघता निघून आले.

त्यानंतर फक्त एक फोन. तूच केलास. "डब्यासाठी वायर किती मीटर लागेल?"

"बारा."

"बरं."

आणखी दोन दिवसांनी तू भाजी निवडता निवडता खुर्चीतून खाली आलीस. हॉस्पिटलचे तीन दिवस मी इथे लिहिणार नाही. काचेपलीकडे तुझ्या उशाशी मशीन होतं. मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. दादा आकडे विचारायचा, मी सांगायची नाही.

तर बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये सुट्टी टाकली. इनासकाकांना फोन केला. म्हटलं, येताय का? म्हणाले, "विचारतेस काय गो? हत्यारं भरलीत मी." सत्तरी ओलांडलेला माणूस, मढहून घाटावर, पायात रबरी चपला, मांडीवर हत्यारांची पेटी. हँगरचं दार उघडल्यावर विमानाच्या नाकावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "चल बाय, खोल."

पॅनल उघडलं. मागे तुझं अक्षर. प्रत्येक वायरीला कागदी पट्टी आणि त्यावर बॉलपेननं नाव. तेलाच्या दाबाच्या वायरीवर 'तेल दाब (खोटारडा)'. इंधनाच्या वायरीवर 'रविवारी बरा, इतर वेळी नाही'. एका जुडग्यावर नुसतं 'शालूला विचारणे'. काय विचारायचं होतं ते लिहिलेलं नाही. मी ते जुडगं दोन दिवस बाजूला ठेवलं, मग तपासलं, त्यात एक टर्मिनल सैल होतं. बस्. तेवढंच विचारायचं असेल. पण माझ्या हातून त्यापुढे तासभर काही काम झालं नाही. इनासकाका जेवणाचा डबा उघडून घावन खात बसले, मलाही एक दिलं.

तोवर येऊन पडलेला नवा डिजिटल डबा आणि त्याचे सेन्सर बसवायला चार दिवस लागले. सगळ्या अर्थिंगच्या वायरी एकाच गंजलेल्या बोल्टवर आवळल्या होत्या. तो बोल्ट काढताना हिरवी पूड बोटांना लागली. नाचणाऱ्या काट्यांचं कारण तेच. नवी पट्टी घासून चकचकीत केली, प्रत्येक वायरीला स्वतःची जागा दिली. बारा मीटर वायर पुरली नाही, वहिनी. चौदा लागली. तेही माझंच चुकलं.

पाचव्या दिवशी इंजिन चालू करायचं ठरलं. त्याच दिवशी दुपारी तो इंजिन घेणारा माणूस येणार होता, आणि त्याला कागद द्यायला दादाही. चाकांना ठोकळे लावले, शेपूट दोरखंडानं बांधली. देशमुख मॅडम डाव्या सीटवर, मी उजव्या. त्या सीटवर मी पहिल्यांदाच बसले. इंजिन लागलं. पडद्यावर आकडे आले. तेलाचा दाब आला आणि तिथेच थांबला. मॅडमनी मुद्दाम रेडिओचं बटण दाबलं. एक आकडा हलला नाही. मला इतका आनंद झाला की मी बाहेर उभ्या इनासकाकांना हात केला.

मग सिलेंडर. एक, दोन आणि चार शेजारी शेजारी चढत होते. तीन नंबर त्यांना सोडून पुढे निघाला होता. दहा अंश, वीस, चाळीस.

"बंद करा," मी म्हटलं.

मॅडमनी इंजिन बंद केलं. मी म्हटलं, "सेन्सर खराब आला असेल." नवा कोरा सेन्सर, वहिनी. आणि मी अजून हेच म्हणत होते. इंजिन निवल्यावर दोन आणि तीनचे सेन्सर मी अदलाबदल केले. सेन्सर खोटं बोलत असता तर आता दोन नंबर गरम दिसला असता. परत इंजिन लावलं. दोन नंबर थंड. तीन नंबर चाळीस अंश वर.

तुझा जुना पितळी काटा, त्या गंजलेल्या बोल्टवरचा, खोटारड्यांच्या ओळीत बसलेला, खरं सांगत होता. तुला ते कळलं होतं आणि मला कळलं नव्हतं. तू मला वर नेलं नाहीस कारण इंजिन खरोखर आजारी होतं. मी म्हटलं होतं, कौतुक निम्मं होईल.

आम्ही इंजिनावरचा पत्रा काढला. सिलेंडरांवरून हवा जावी म्हणून बाजूनं ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या कडेला रबराची झालर, हवा निसटू नये म्हणून. तीन नंबरच्या मागे ती झालर उलटी दुमडली होती. सगळी हवा तिथून पळत होती. आणि ती दुमडून कशानं राहिली होती? वायरींच्या एका जुडग्यानं. प्लास्टिकच्या पट्टीनं करकचून आवळलेल्या. पट्टीचं टोक तिरकं कापलेलं. तसं टोक मी कापते. वर्कशॉपमध्ये सगळे त्यावरून मला चिडवतात.

मी मढला ते जुडगं स्वतःच्या हातानं बांधलं होतं. जागा छान सापडली म्हणून खूश झाले होते.

मी खाली सिमेंटवर बसले. इनासकाकांनी वाकून बघितलं, पट्टीला बोट लावलं आणि त्यांनाही समजलं. ते माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "होता गो."

"होत नाही, काका. असं होऊन चालत नाही."

आम्ही तसेच बसलेलो असताना दादाची गाडी आली. त्यानं उघडं इंजिन बघितलं, मला बघितलं. "काय झालं?"

मी त्याला सगळं सांगितलं. माझी वायर, दुमडलेलं रबर, तापणारा सिलेंडर, मला वर न नेणं, माझं ते वाक्य. दादाला विमानातलं काही कळत नाही. तो शांतपणे ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "म्हणजे हे सगळं चालू असताना ती एकटी उडत होती?"

"हो."

"आणि काही झालं असतं तर?"

"तर माझ्यामुळे झालं असतं."

मला वाटलं, आता तो जे बोलेल ते आम्हा दोघांना जन्मभर पुरेल. त्यानं वाकून ते रबर बघितलं. मग म्हणाला, "तिला हे माहीत होतं?"

मी त्या क्षणापासून आजपर्यंत याचा विचार करतेय. लोक सांगतील, माहीत असणार, तुला वाईट वाटू नये म्हणून बोलली नसेल. मी हे मानत नाही. तुला माहीत असतं तर तू मला भर हँगरमध्ये फोडून काढलं असतंस आणि जुडगं माझ्या हातात देऊन म्हणाली असतीस, घ्या वन्सं, तुमचं कौतुक. तुला देवी करून मी माझी सुटका करून घेणार नाही. तुला माहीत नव्हतं. तू एवढंच जाणत होतीस की तीन नंबर गरम आहे आणि गरम आहे तोवर शालूला बसवायचं नाही. मला तेवढं पुरे आहे. तेवढंच खूप आहे.

"नाही, दादा," मी म्हटलं. "पण ती बरोबर होती."

"बरोबर होती," तो स्वतःशी म्हणाला. मग एकदम माझ्याकडे वळला. "हे तू विलासरावांसमोर सांगशील? महिन्याच्या श्राद्धाला येतील ते."

"सगळ्यांसमोर सांगेन."

इनासकाकांनी ती प्लास्टिकची पट्टी कापली. रबर सरळ केलं. वायरी मी दुसरीकडून नेल्या, आणि या वेळी बांधण्याआधी मॅडम, काका आणि मी असं तिघांनी हात घालून बघितलं. तिसऱ्यांदा इंजिन लावलं तेव्हा दादा हँगरच्या सावलीत उभा होता. चार आकडे एकमेकांना धरून चढले आणि एकमेकांना धरून थांबले.

इंजिन घेणारा माणूस ट्रक घेऊन वेळेवर आला. सज्जन होता बिचारा. दादा पुढे होऊन म्हणाला, "तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. विमान चालू आहे. चालू विमान मी देणार नाही." तो माणूस विमानाकडे बघून म्हणाला, "चालू आहे तर मी तरी कशाला तोडू?" आमच्याबरोबर चहा पिऊन गेला.

महिन्याच्या श्राद्धाला मी उभी राहून सांगितलं. माझी चूक आधी, तुझं खरं नंतर. विलासरावांकडे या वेळी वाक्य तयार नव्हतं. तुझी ताई मात्र उठली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून आत गेली. वर्कशॉपमध्येही सांगितलं. आमच्याकडे नवीन येणाऱ्याला मी आता पहिल्या दिवशी हेच सांगते, नावानिशी, माझ्या.

मग तपासणी, सह्या, परत तपासणी. शेवटी काल सकाळी देशमुख मॅडम एकट्या अर्धा तास उडून आल्या. तिन्हीसांजेला पोळ्या लाटताना तू बोलायचीस तशा सहज म्हणाल्या, "छान आहे. बस."

मी आढेवेढे घेतले नाहीत. तुझ्याशिवाय कशी बसू वगैरे मनातसुद्धा आणलं नाही. बसले, पट्टा आवळला. चहा पिऊन गेले होते. ओकारी झाली नाही.

एक सांगायचंय, वहिनी. तू खाली उतरलीस की दरवेळी म्हणायचीस, वर एकदम शांत असतं, डोक्यातलं सगळं थांबतं. साफ चूक. केवढा आवाज असतो! दात वाजतात, सीटखालून हाडं हलतात, कानात इंजिन घुसतं. आणि डोक्यातलं काही थांबत नाही. उलट मला तिथे सगळं एकदम आठवत होतं, तू, बाबा, घाटकोपरच्या खोल्या, तो फुटक्या काचेचा मीटर, सगळं एकावर एक. मला ते फार आवडलं. खाली उतरायचं नव्हतं. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला शब्दन् शब्द माहीत आहे. म्हण. मी माझं म्हणणं सोडणार नाही.